चुकांसकट घ्या, सर

चाळणीताई रागावली की गप्प बसते, आणि ती गप्प बसली की समोरच्याने घाबरावं. हे तिच्या नवऱ्याला ठाऊक आहे, बहिणीला तर पुरेपूर ठाऊक आहे. टीमलीडला ठाऊक नव्हतं.

वेबसाइट बनवण्याच्या धंद्यात तिची अकरा वर्षं गेली. स्वतः खाल्लेल्या ठेचांमधून तिने एक टूल लिहिलं, 'चाळणी'. कोड साइटवर चढवण्याआधी ते तपासायचं आणि चूक दिसली की तिथेच अडवायचं. एक्केचाळीस नियम, आणि प्रत्येकाखाली ती चूक मुळात कोणी केली होती हेही लिहिलेलं, म्हणजे नवख्यांना लाज वाटू नये. 'बटण एकदा दाबलं की लगेच बंद करा. अधीर माणूस दोनदा दाबतो. चूक कोणाची?' पुढे तिचं स्वतःचं नाव. 'परिणाम: गिऱ्हाइकाच्या दारात दोन कपाटं.'

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ती तीन दिवस रजेवर गेली. परतली तेव्हा कळलं की शुक्रवारी टीमलीड 'स्वतः बनवलेलं' टूल मालकीणबाईंना दाखवणार आहे आणि नवा विभाग त्यालाच मिळणार आहे. आयत्या बिळावर नागोबा! तिने फाइल उघडली. तिचं नाव कुठेच नव्हतं. पठ्ठ्याने एका फटक्यात सगळीकडे तिचं नाव बदलून स्वतःचं घातलं होतं, एक ओळही न वाचता.

"जुन्या बदलांची नोंद असते ना तुमच्याकडे? ती दाखव की," बहीण म्हणाली.

"दाखवली तर म्हणेल, मी सांगितलं आणि हिने टाइप केलं. मला त्याच्या तोंडून हवंय."

"अगं, पण तुझ्या चुका चव्हाट्यावर येतील."

"येऊ देत."

तिने डूख धरला होता. शुक्रवारी ती पहिल्या रांगेत बसली. टीमलीडने टूल चालवलं, टाळ्या पडल्या.

"सर, नियमांखालच्या टिपा उघडा ना," ती गोडीत म्हणाली. "खरी मेहनत तिथे आहे."

त्याने खुशीत उघडल्या. मालकीणबाईंनी चष्मा सावरला आणि मोठ्याने वाचू लागल्या. "'चालू साइटवर प्रयोग करू नका. परिणाम: साइट सहा तास बंद.' चूक कोणाची... अहो, हे तर तुमचं नाव! त्या सहा तासांसाठी मी गिऱ्हाइकांचे पाय धरले होते. ते तुम्ही होतात?"

त्यांनी पुढची टीप वाचली. मग त्याच्या पुढची. दोन कपाटंही आली. टीमलीडचा चेहरा पांढराफटक पडला.

"नाही, मॅडम! या चुका माझ्या नाहीत, हिच्या आहेत! एक्केचाळीसच्या एक्केचाळीस हिच्या! हिनेच तर लिहिलंय हे सगळं!"

चाळणीताईला इतकं बरं वाटलं की हसू आवरेना.

"सर, परत एकदा सांगा ना," ती म्हणाली. "मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."