मंद्रूपच्या ज्वारीची चार पानं

पत्र जर्मनीहून आलं होतं आणि त्यात एकच अट होती. प्रकाशसंश्लेषणावर काम करणाऱ्या तिथल्या प्रयोगशाळेत पोस्टडॉकची जागा होती. ती हवी असेल तर कोरडवाहू शेतातल्या ज्वारीच्या पानांचे नमुने पाठवायचे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हरितलवकांचे पडदे स्वच्छ दिसले तर जागा माझी, नाही तर दुसऱ्याची. कुंडीतली ज्वारी चालणार नव्हती. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी पुण्यात नुकताच डॉक्टरेट झालेला, हातात जेमतेम महिना. ज्वारी म्हटल्यावर सोलापूरशिवाय दुसरं नाव सुचेना.

सकाळच्या गाडीनं निघून दुपारी सोलापुरात उतरलो. स्टेशनाजवळ सहा रुपयांत खोली मिळाली, उशी सोडली तर चांगली. खानावळीत कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वर घट्ट दही. चटणी येताना बांधून घ्या, पण गाडीत पुडी उघडू नका, घरापर्यंत पोचत नाही.

दुसऱ्या दिवशी सरबताच्या दुकानातून भुशातला बर्फ घेऊन थर्मास भरला. त्यात औषधाच्या चार बाटल्या. पानाचा तुकडा त्यात बुडवला की पेशी त्या क्षणी होती तशीच थिजते. विजापूर रस्त्याच्या एसटीत कंडक्टरनं थर्मासाकडे बोट केलं.

"च्या हाय व्हय?"

"औषध आहे."

"मग मांडीवर घ्या की. खाली कोंबड्या हायत."

मंद्रूपला मित्राचे काका सिद्रामप्पा शेती करायचे. त्यांच्या नावाची चिठ्ठी खिशात होती. घराला कुलूप. शेजारणीनं रानाची वाट दाखवली आणि रस्ताभर मला नटूनथटून चाललेली माणसं, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका दिसत राहिल्या. जत्रा असेल, असं मी समजलो.

रानात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, समोर आंबिलीचं मडकं. सिद्रामप्पा पिकातून आंबील शिंपडत आरोळ्या देत होते. मी घड्याळ पाहिलं. बरोबर बारा वाजता पान कापायचं, असं माझं ठरलेलं. ऊन भरपूर म्हणजे पानाचं काम जोरात, साधा हिशेब. ब्लेड काढून मी ज्वारीच्या ताटाला हात घातला, तोच सिद्रामप्पांच्या पत्नीनं माझं मनगट धरलं.

"आज न्हाय तम्मा. येळामवश्या हाय. भुई पोटुशी हाय, आज उभ्या पिकाला धार लावायची न्हाय."

तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मी तिला अक्का म्हणून गयावया केली. चारच पानं, माझी नोकरी अडली आहे, बर्फ वितळतोय, सगळं सांगून झालं. वेळ अमावस्या पुण्यातल्या आमच्या भिंतीवरच्या पंचांगात असणारच. पण डॉक्टर झालेला माणूस पंचांग कशाला बघतो!

"बर्फाला दम न्हाय, तुमाला बी न्हाय," ती म्हणाली. "बसा, जेवा. उद्या पाटं तोडा. भाजी आमी पाटंच खुडतो की. दुपारचं पान दमलेलं असतंय."

दमलेलं पान! मला हसूही आलं आणि रागही. पण करतो काय? बसलो. बाजरीचे उंडे, पालेभाज्या आणि हरभऱ्याची दाट भज्जी, गार आंबील. राग कितीही असला तरी भज्जी मी तीनदा घेतली, हे कबूल करतो.

रात्री त्यांच्याच घरी मुक्काम केला. पहाटे अक्का कंदील घेऊन पुढं, मी मागं. बर्फाचं पाणी झालं होतं, पण थंडी अशी होती की बाटल्या हातात धरवेनात. तिनं चार ताटं निवडली, एकेकाला हात लावून मग मला वाट दिली. नऊच्या एसटीनं सोलापूर, संध्याकाळी पुणे. तुकडे राळेत बसवून टपालानं पाठवले आणि रोज पोस्टमनची वाट बघत बसलो.

जागा मिळाली. जर्मनीत पहिल्याच दिवशी तिथल्या प्राध्यापकांनी माझ्या पानांची सूक्ष्मदर्शकातली चित्रं टेबलावर मांडली. दुसऱ्यांच्या दुपारच्या पानांत पिष्टाचे मोठाले कण भरलेले, पडदे बाजूला रेटलेले, काप फाटलेले. पान रात्रभरात तो साठा रिकामा करतं, म्हणून माझ्या चित्रांत पडद्यांची रेघ न् रेघ दिसत होती. "सूर्योदयाआधी कापायचं कसं सुचलं?" त्यांनी विचारलं.

"तशी योजनाच होती," मी म्हणालो.

दोन वर्षांनी परत आलो तेव्हा ट्रंकेत छापील शोधनिबंध होता. तो अजून माझ्याकडे आहे. ज्वारीचा वाण, माती, तोडणीची वेळ, सगळं अचूक. आभारात सात नावं, सूक्ष्मदर्शक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचंसुद्धा. अक्काचं नाही. तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. मित्राला एक कार्ड टाकलं असतं तर आठवड्यात कळलं असतं. टाकलं नाही, कारण नाव कळल्यावर ते कशासाठी छापतोय हेही लिहावं लागलं असतं.