आमच्याकडे बाळ नाही

माझ्या बहिणीचा नवरा कॉफीच्या दुकानात स्वतःचं नाव पीटर सांगतो. खरं नाव सामवेल. कपावर नाव लिहिणाऱ्या पोरीला पीटर काय नि सामवेल काय, सारखंच, पण याचं म्हणणं, "आज कपावर लिहितात, उद्या कुठे लिहितील कुणी सांगावं?" खोक्यांवर चिकटवलेले पत्त्याचे कागद तो काढून पाण्यात भिजत घालतो, त्यांचा लगदा झाला की मगच कचऱ्यात टाकतो. दुकानात फोन नंबर मागितला तर वारलेल्या काकांचा देतो. अमेरिकेतल्या या ग्लेंडेल शहरात आम्ही अर्मेनियन माणसं भरपूर, आणि संशय थोडाफार सगळ्यांच्याच अंगात आहे. पण सामवेलइतका निगुतीने जोपासलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

त्याला तरी किती दोष द्यायचा? त्याचे आजोबा तिकडे आर्मेनियात, ग्युमरीजवळच्या खेड्यातले. एकदा दारात कागद घेऊन एक माणूस आला आणि मेंढ्या किती म्हणून विचारलं. आजोबांनी खरा आकडा सांगितला, आणि पुढच्या आठवड्यात निम्म्या मेंढ्या गेल्या. तेव्हापासून त्या घराचा नेम झाला, की कागदवाल्याने काहीही विचारलं तरी नाही म्हणायचं. सामवेल हे आईच्या दुधाबरोबर प्यायला. आई, म्हणजे वार्सिकमावशी, अजून त्याच्याच घरी असते, त्यामुळे तो रतीब अजून चालू आहे म्हणा ना.

एकोणीस वर्षं तो लवाशच्या भट्टीवर आहे. आमची ती पातळ, चादरीएवढी रोटी त्याच्याइतकी एकसारखी कुणाला जमत नाही. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान तिथून दोन गल्ल्या सोडून. पगाराची चिठ्ठी हातात पडली की हा दुकानात यायचा आणि एका ओळीवर बोट ठेवायचा.

"आराक्सीताई, ही कपात कोण खातंय?"

"कुणी खात नाही रे बाबा. कुणाला मूल झालं की आठ आठवडे घरी बसून पगार मिळतो, त्यासाठी ती. बापालासुद्धा मिळतो."

"बापाला? घरी बसायला?" तो हसायचा. "आणि बदल्यात काय मागतात?"

"काही नाही."

"मग तर नक्कीच काहीतरी मागत असतील."

हे हसणं वरवरचं होतं, हे मला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी रुझानला, माझ्या धाकट्या बहिणीला, पहिली मुलगी झाली. तेव्हाचा सामवेल वेगळा होता. अख्ख्या गल्लीला पेढे वाटावेत तशी त्याने मिठाई वाटली, पोरीचा फोटो भट्टीशेजारी चिकटवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. रजा मात्र एका दिवसाचीही घेतली नाही; असं काही मागता येतं हेच त्याला माहीत नव्हतं. पोरीच्या हृदयात दोष होता. ती एकोणीस दिवस जगली. "ताई, तिचे डोळे कसे होते ते मला सांगता येत नाही," असं तो मला एकदाच म्हणाला होता. "मी घरी यायचो तेव्हा मिटलेले असायचे." त्यानंतर त्याने कुणाला काही दाखवणं बंद केलं.

म्हणून गेल्या हिवाळ्यात तो दुकानात आला, दाराची कडी लावली, पडदा ओढला, तेव्हा मी काय ते ओळखलं. एकेचाळिसाव्या वर्षी रुझानला पुन्हा दिवस गेले होते.

"ती रजा," तो कुजबुजला. "ती खरी आहे का?"

"खरी आहे."

"मला ती जागी असताना बघायचीय, ताई. आठच आठवडे. बाकी मला काही नको." त्याचा आवाज इतका खाली गेला होता, की माझेच डोळे भरून आले.

फेब्रुवारीत मुलगी झाली. त्याच दिवसापासून सामवेल घरी बसला, बिनपगारी. अर्ज नंतर करू म्हणाला. आता आमच्यात चाळीस दिवस बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत, आणि परक्याची नजर बाळावर पडू देत नाहीत. बहुतेक घरांत हे जरा सैल झालंय. या घरात मात्र चाळीस दिवस म्हणजे नाकेबंदी. दृष्ट लागू नये म्हणून दाराला निळा मणी, पाळण्याला निळा मणी, बाळाच्या झबल्यालाही निळा मणी. बाळाचं नाव मलाही सांगितलं नाही, सख्ख्या मावशीला! मी दारात सुपाचं पातेलं ठेवायचे आणि साखळीच्या फटीतून बोलायचे.

विसाव्या दिवशी मी फटीत तोंड घालून म्हटलं, "सामवेल, अर्ज रजा सुरू झाल्यापासून एक्केचाळीस दिवसांच्या आत करायचा असतो. आज करून टाकू."

"अर्जात बाळाचं नाव लागतं?"

"लागतं."

"मग चाळीस होऊ देत."

"म्हणजे तुझ्या हातात एकच दिवस उरतो, जावईबापू!"

"एक दिवस पुष्कळ आहे," तो म्हणाला आणि मागून वार्सिकमावशी ओरडली, "दार लाव रे, वारा येतोय!" वाऱ्याचा मागमूस नव्हता. दार माझ्यावर लावायचं होतं.

चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये पाद्र्याने आशीर्वाद देताना नाव उच्चारलं तेव्हा ते मला कळलं. नाझेली. काळेभोर केस आणि कपाळावर दोन आठ्या, थेट बापाच्या. मी "किती गोड" म्हणणार, तोच मावशीने माझ्या पायावर पाय दिला. मग मी रिवाजाप्रमाणे म्हटलं, "शी, काय हे ध्यान!" सामवेल खूश झाला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात माझा लॅपटॉप उघडून आम्ही बसलो. साधा अर्ज. कामाच्या जागेचं नाव, शेवटचा कामाचा दिवस, जन्मतारीख. प्रत्येक रकान्याला याचा उलटा प्रश्न.

"बाळाशी नातं काय, जन्मदाता की दत्तक," मी वाचलं.

"हे का विचारतात? यांना काय कळलंय?"

"सगळ्यांना विचारतात!"

"सगळ्यांना विचारतात हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनीच ना?"

रुझान बाळाला पाजत होती, तिथून म्हणाली, "सामवेल, तू लिही तरी, नाहीतर मी तुला दत्तक म्हणून लिहीन." तेव्हा कुठे ते पान पुढे सरकलं. शेवटी बाळाच्या जन्मदाखल्याचा फोटो जोडायचा होता. दाखला तो कुणाच्या हाती देईना. मोबाइल घेऊन न्हाणीघरात गेला, आतून कडी लावली, फोटो काढून आणला आणि स्वतःच चढवला. मी बघायला गेले तर लॅपटॉपचा पडदा हाताने झाकला. अर्ज गेला. मी हुश्श केलं.

बेचाळिसाव्या दिवशी तो कामावर परतला. पैसे येईपर्यंत घर चालायला हवं, म्हणून सकाळी भट्टी आणि दुपारनंतर दुकानांना रोट्या पोचवण्याचं कामही धरलं. आठ आठवड्यांतले पंधरा दिवस शिल्लक होते. मंजुरीचा कागद दाखव आणि घे, असं मालकाने सांगितलं होतं. तो पहाटे निघायचा तेव्हा नाझेली झोपलेली, यायचा तेव्हाही झोपलेली. ते पंधरा दिवस त्याने डोळ्यांसमोर धरून ठेवले होते.

आणि एप्रिलमध्ये पत्र आलं, की अर्ज नामंजूर, बाळाशी नातं सिद्ध झालेलं नाही.

सामवेल चिडला नाही. उलट त्याच्या चेहऱ्यावर एक समाधान आलं, आणि त्याचा मला फार राग आला. "बघा," म्हणाला, "मी म्हणत नव्हतो?" मग कुणाकुणावर संशय घेतला! पोस्टमनवर, खालच्या मजल्यावरच्या बाईवर, मालकावर. एके दिवशी माझ्या लॅपटॉपकडे बघत म्हणाला, "ताई, हा तुम्ही कुणाकडून विकत घेतला होता?" आपल्या वीस वर्षांच्या नात्याची ही किंमत, असं मला वाटलं. मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही.

खरं काय ते वार्सिकमावशीच्या तोंडून बाहेर पडलं. मी रुझानकडे कॉफीला गेले होते. मावशी कप पालथा घालून गाळात भविष्य बघत होती, आणि मजेत होती.

"तुला सांगते आराक्सी, या घराकडे कुणी वाकडा डोळा करून बघेल तर माझा पोरगा बसलाय! मागच्या महिन्यात एका बाईला काय हाकललंय त्याने फोनवर!"

"कोण बाई?"

"कोण जाणे. आपल्या भाषेत बोलत होती, आणि कशी गोड! म्हणे, मी सरकारी ऑफिसातून बोलतेय, दाखल्यावरचं नाव दिसत नाहीये, तुमच्या घरी नवीन बाळ आहे का? सामवेल म्हणाला, नाही. आमच्याकडे बाळ नाही."

रुझानच्या हातातला चमचा बशीत पडला.

"मग ती म्हणाली, सामवेल आपणच ना? तर हा म्हणाला, सामवेल फ्रेस्नोला गेला. कधी येईल? म्हणे, येणार नाही!" मावशी हसून हसून डोळे पुसत होती. "सरकारात बसून अर्मेनियन बोलते म्हणे! आपण काय दुधखुळे आहोत?"

मी माझ्या मोबाइलवर अर्जाचं खातं उघडून तो फोटो शोधून काढला. दाखला स्वच्छ दिसत होता. फक्त जिथे नाव असतं तिथे, कागदावर आडवा, सामवेलचा भला मोठा अंगठा. भट्टीवर पोळलेला, मी कुठेही ओळखला असता असा.

तो घरी आला तेव्हा सात वाजले होते. मी तोंड उघडणार होते, पण रुझानने मला हाताने थांबवलं. ती ओरडली नाही, त्यामुळे जास्त लागलं.

"तू तिला नाही म्हणालास."

"रुझान, ती बाई कोण होती आपल्याला—"

"मला बाईचं नाही माहीत. तू स्वतःच्या मुलीला नाही म्हणालास. पहिलीला तू जपलं नाहीस म्हणून ती गेली असं तुला वाटतं, हे मला ठाऊक आहे. तसं नव्हतं ते. पण हिला इतकी लपवून ठेवलीस की तुलाच दिसत नाही. शेवटची जागी कधी पाहिलीस तिला?"

तो उत्तर द्यायला गेला आणि आठवू लागला. आठवतच राहिला.

मग तो माझ्यासमोर येऊन बसला. "ताई, आता काय करायचं?"

दाद मागायला मुदत होती, तिचे चार दिवस उरले होते. मी म्हटलं, झालं ते खरं खरं लिही. त्याने अर्मेनियनमध्ये लिहिलं, मी इंग्रजी केलं, तर म्हणे शेजारच्या कॉलेजच्या पोरीकडून तपासून घ्या. घेतलं. काय करता! पत्र चारच ओळींचं होतं. माझ्या घरी बाळ आहे. मुलगी आहे, तिचं नाव नाझेली. फोनवर मी खोटं बोललो, कारण मी घाबरलो होतो. यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही. खाली त्याने स्वतःच्या खऱ्या नावाने सही केली. दाखला मी स्वतः टेबलावर पसरला, त्याला हात मागे बांधायला लावले आणि फोटो काढला.

पुन्हा फोन आला तेव्हा मी मुद्दाम तिथे होते. तीच बाई, तोच गोड आवाज. सामवेलला दरदरून घाम. "हो," तो म्हणाला. "हो. माझी. हो, आहे, शेजारच्या खोलीत आहे." बाई बहुधा अभिनंदन म्हणाली असावी, कारण तो घाईघाईने म्हणाला, "नाही नाही, दिसायला काही खास नाही." मंजुरी जूनच्या पहिल्या आठवड्यात आली.

सोमवारी रजेचा पहिला दिवस. मी जर्दाळू घेऊन सकाळीच गेले. सामवेलने दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, लग्नाला निघाल्यासारखा. नाझेली सतरंजीवर उताणी पडून पाय नाचवत होती. चार महिन्यांची, टक्क जागी. त्याने तिला दोन्ही हातांनी उचललं आणि चेहऱ्यासमोर धरलं.

पोरीचं अंग ताठ झालं. कपाळावर त्या दोन आठ्या आल्या. तिने त्याची हनुवटी पाहिली, नाक पाहिलं, मग मान वळवून आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हा कोण म्हणून. आणि असा टाहो फोडला की खालच्या बाईने छताला काठी ठोकली.

"मला ओळखत नाही ही," सामवेल म्हणाला. त्याचा चेहरा बघवेना. माझ्या मनात आलं, ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते हातचं गेलंच की.

"आण इकडे माझ्याकडे," मावशी उठली. रुझानही हात पुढे करून आली. त्याने दिली नाही. तो सावकाश खाली बसला, बाळाला समोर सतरंजीवर ठेवलं आणि हातभर मागे सरकला.

"बरोबर आहे तुझं," तो तिला म्हणाला. "ओळख पटल्याशिवाय कुणाकडे जायचं नाही. मी इथेच बसलोय. पंधरा दिवस आहेत, बघ नीट."

"अरे, रडतेय ती! दे ना," रुझान म्हणाली.

"रडू दे. कामावर गेल्यापासून हे रडणंसुद्धा मी ऐकलेलं नाही."

ती रडत राहिली, मधेच थांबून त्याच्याकडे रोखून बघायची आणि पुन्हा सुरू करायची. सामवेल मांडी घालून बसला होता, इस्त्रीच्या शर्टात, आणि हलत नव्हता.