खुलाशावरची सही

डायलिसिस केंद्रातल्या त्या प्रकरणात चूक माझी होती. तिची नव्हती. हे वाक्य मी चार वर्षांपूर्वी एका टेबलाभोवती बसलेल्या पाच माणसांसमोर बोलायला हवं होतं. तेव्हा बोललो नाही, म्हणून आता सगळं लिहून काढतो आहे.

माझी नोकरी सरकारी कचेरीत गेली. सुरुवातीची वर्षं अलोऱ्याच्या वसाहतीत, मग रत्नागिरीत. निवृत्त झाल्यावर एका धर्मादाय संस्थेनं मला आपल्या डायलिसिस केंद्राचं कार्यालय सांभाळायला बोलावलं. केंद्रात मशीन कमी आणि पेशंट जास्त. कोणाची पाळी कधी, हे एका मोठ्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं आणि दिवसातून दहादा खोडलं जायचं. अध्यक्षांच्या मनात आलं की हे सगळं संगणकावर आणायचं, आणि पाळी बदलली की पेशंटला मोबाइलवर संदेश जायला हवा.

त्यासाठी तीन जण घेतले. दोघं प्रोग्रॅमर, आणि त्यांच्याबरोबर ती. तिशीतली मुलगी, पुण्याच्या कंपनीत आठ वर्षं काढलेली. आई गेल्यावर वडील घरात एकटे राहिले म्हणून ती रत्नागिरीला परत आली होती. हे काम पगारानं पुण्याच्या निम्मंही नव्हतं, पण संध्याकाळी सहाला ती गावातच परटवण्याला, वडिलांकडे घरी पोचायची. तेवढ्यासाठीच तिनं ते धरलं होतं.

पहिल्या दिवशी तिनं आम्हाला समजावून सांगितलं की काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत करायचं आणि प्रत्येकाची भूमिका वेगळी. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "सर, तुम्ही प्रॉडक्ट ओनर."

"मी कसला ओनर? मालक अध्यक्ष आहेत."

"मालक नाही हो. काय करायचं आणि आधी काय करायचं, ते ठरवणारा. कसं करायचं ते हे दोघं बघतील. आणि तुम्हा तिघांच्या वाटेत जे काही येईल ते बाजूला करणं, हे माझं काम. त्याला स्क्रम मास्टर म्हणतात."

"म्हणजे नाव मास्टर आणि काम शिपायाचं."

"अगदी बरोबर बोललात," ती हसत म्हणाली. "फक्त बाहेर कोणाला सांगू नका."

तेव्हापासून दोघं प्रोग्रॅमर तिला मास्तरीणबाई म्हणायला लागले, आणि मग सगळं केंद्रच म्हणायला लागलं. पेशंटना वाटायचं, ही कुठल्या तरी शाळेतून बदलून आली असावी.

रोज सकाळी साडेनऊला पंधरा मिनिटं उभ्यानं बोलायचं असा तिचा नियम. माझे गुडघे दुखतात म्हणून मी खुर्चीत बसायचो. परिणाम असा झाला की दोघं माझ्यापुढे हात मागे बांधून उभे राहायचे आणि काल काय केलं ते मला सांगायचे. कचेरीतली हजेरीच. ती वैतागून म्हणायची, "अरे, सरांना नका सांगू, मला नका सांगू, एकमेकांना सांगा!" मला मात्र ती हजेरी आवडायची, हे कबूल करतो.

ठरवणं मला जमत नव्हतं. उभ्या आयुष्यात मी कागदाखाली "आदेशार्थ सादर" लिहून फाईल वर पाठवली. वरचा आणखी वर पाठवायचा. आता माझ्या वर फाईल पाठवायला कोणी नव्हतं. ती विचारायची, "सर, हे घ्यायचं की नाही?" आणि माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "बघू."

भिंतीवर तिनं तक्ता केला होता. करायचंय, चालू आहे, झालं, असे तीन रकाने, आणि त्यांत कामांच्या पिवळ्या चिठ्ठ्या. महिन्याभरानं चौथा रकाना आला आणि त्याच्यावर तिनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, "बघू". सगळे हसले. मीही हसलो. त्या रकान्यात चिठ्ठ्या वाढत गेल्या.

त्यांतली एक चिठ्ठी "दुसरा नंबर" अशी होती. ही मुलगी एक अख्खा दिवस पेशंटच्या बाकावर जाऊन बसली होती. तिथं सावर्ड्याजवळच्या गावातली एक आजी भेटली. आजींना तिनं फोन नंबर विचारला.

"माज्याकडं फोन खुटला? लेकाचा दिलाय. तो मुंबईला असतो. त्याला सगला समजतो त्यातला."

आणखी पाच-सहा जणांना विचारलं, तर निम्म्यांचं तसंच. घरात कर्ता तो मुंबईला, म्हणून नंबर त्याचा. पेशंट इथं आणि संदेश जाणार मुंबईला. ती धावतच माझ्याकडे आली. प्रत्येक पेशंटचा दुसरा नंबर, शेजाऱ्याचा नाहीतर वाडीतल्या दुकानाचा, घ्यायला हवा होता. काम दोन दिवसांचं. पण त्याच दोन आठवड्यांत अध्यक्षांना या नव्या यंत्रणेच्या उद्‌घाटनासाठी भिंतीवरचा मोठा पडदा हवा होता, ज्यावर सगळ्या मशीनची स्थिती रंगांत दिसेल. दोन्ही होणार नव्हतं. पडदा पुढे ढकलू या, असं अध्यक्षांना मी सांगायचं होतं.

"बघू," मी म्हणालो.

ती माझ्या टेबलासमोर बसली. शांतपणे म्हणाली, "सर, हो म्हणा, परवापर्यंत होईल. नाही म्हणा, मी रिसेप्शनला सांगून प्रत्येकाला फोन करायची सोय करते. पण तुम्ही बघू म्हणालात की यातलं काहीच होत नाही. सगळे थांबून राहतात."

"अगं, बोलतो मी अध्यक्षांशी."

बोललो नाही. त्यानंतर दोनदा तिनं विचारलं, दोनदा मी तेच उत्तर दिलं. पडदा झाला. उद्‌घाटन झालं. पाहुण्यांनी हिरवे-तांबडे चौकोन बघून टाळ्या वाजवल्या.

पुढच्याच महिन्यात एक मशीन बंद पडलं. गुरुवारच्या काही पाळ्या बुधवारी ओढल्या. संदेश गेले. आजींचा लेक तेव्हा मुंबईत कारखान्यात कामावर होता, फोन बाहेर पेटीत. त्यानं संदेश पाहिला तोवर बुधवार संपला होता. आजी नेहमीप्रमाणे गुरुवारी पहिल्या एसटीनं आल्या. मशीन रिकामं नव्हतं. संध्याकाळपर्यंत बाकावर बसल्या. मी दोनदा त्यांच्यासमोरून गेलो. शेवटी त्यांना उद्या या म्हणून सांगितलं. शुक्रवारी पहाटे त्यांना धाप लागली. गावातल्या लोकांनी गाडी करून आणलं. तीन दिवस त्या अतिदक्षता विभागात होत्या. वाचल्या. पण वर्तमानपत्रात बातमी आली आणि अध्यक्षांनी बैठक बोलावली.

टेबलाभोवती संस्थेचे ते पाच जण, मी आणि ती. अध्यक्षांनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "या संगणकाच्या कामाचा मास्टर कोण?"

मी म्हणालो, "स्क्रम मास्टर त्या."

या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही. आणि याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही. मास्टर म्हटल्यावर त्या पाच जणांना काय समजणार, ते मला नेमकं ठाऊक होतं. रोज तिला तू म्हणणारा मी तेव्हा "त्या" म्हणालो, हेही माझ्या लक्षात आलं होतं.

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पुढचं वाक्य बोलेन म्हणून ती थांबली होती, हे मला दिसत होतं. पलीकडच्याच खोलीत तो तक्ता होता. "चला, भिंत बघा," एवढं म्हणालो असतो तरी पुरलं असतं. मी समोरचा पेला उचलून पाणी प्यायलो.

"मॅडम, लेखी खुलासा द्या," अध्यक्ष म्हणाले.

खुलाशाचा मसुदा मी लिहून दिला. त्यात माझा हात बसलेला होता. "पेशंटचा पर्यायी क्रमांक नोंदविण्याचे काम अनवधानाने माझ्याकडून राहून गेले. याबद्दल मी दिलगीर आहे." तिनं तो वाचला.

"सर, हा 'माझ्याकडून' हवाच का?"

"अगं, खुलाशाची भाषाच तशी असते. एकदा कागद फाईलला लागला की विषय मिटतो. पुढचं मी सांभाळतो. तुला इथंच राहायचंय ना?"

तिला इथंच राहायचं होतं. तिनं सही केली. महिन्याअखेर तिचा करार वाढवला नाही. मी अध्यक्षांच्या दारापर्यंत गेलो होतो. आत कोणी पाहुणे बसले होते, म्हणून परत फिरलो. पुन्हा गेलो नाही. ती पुण्याला गेली.

मी काम सोडलं त्याला दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात संस्थेला पत्र लिहिलं, सगळं जसं घडलं तसं. उत्तर आलं नाही, म्हणून फोन केला. तिथल्या कारकून मुलीनं गोडीनं सांगितलं, "काका, ते पत्र मिळालं. पण अध्यक्ष बदललेत ना आता. आणि ती फाईल बंदच झालीय. सॉफ्टवेअरपण दुसरं आहे. तुम्ही कशाला त्रास करून घेता?"

मग पुण्याला तिला फोन लावला. मी काय सांगतोय ते तिनं पूर्ण ऐकून घेतलं. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"सर, माझं इथे बरं चाललंय. त्या नोकरीचं आता काही वाटत नाही. पण बाबा दर महिन्याला एसटीनं त्या आजींकडे जातात. फळं घेऊन. माझ्या वतीनं माफी मागायला. मी कितीदा सांगितलं, नका जाऊ. ते म्हणतात, चूक घरातली आहे. मला काही बोलत नाहीत हो, एक शब्द नाही. पण जातात."

"मी सांगतो त्यांना," मी म्हणालो. "उद्याच जातो."

तिचे वडील पोस्टात होते, पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. ओटीवर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. ओनर म्हणजे कोण, मास्टर म्हणजे कोण, चिठ्ठी, पडदा, बैठक. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "तुमचं मन मोठं आहे. मुलीच्या काळजीनं आलात, हे बोलायलासुद्धा माणूस लागतो."

"अहो, काळजीनं नाही. हे खरं आहे. निर्णय माझा होता, मी तो केला नाही. तिनं तीनदा विचारलं होतं."

"मग खुलाशावर सही तिची कशी?"

"मी सांगितलं म्हणून. मसुदा माझा होता."

"मी पस्तीस वर्षं सह्या घेतल्या," ते म्हणाले. "शेजाऱ्याचं रजिस्टर पत्र आपल्या सहीनं घ्यायला बघणारे खूप भेटले. घरी येऊन पोरीला सांगायचो, जे आपलं नाही त्यावर सही करायची नाही. तिला ते पक्कं ठाऊक आहे. म्हणून मी कधी तिला विचारलंच नाही. सही केली म्हणजे चूक तिची असणार." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आता तुम्ही म्हणताय चूक नव्हती. म्हणजे माझ्या मुलीनं खोट्यावर सही केली?"

मी म्हणालो, तिला इथं राहायचं होतं, तुमच्यासाठी. मी वडीलधारा म्हणून तिनं ऐकलं. मी आणखीही बरंच बोललो. प्रत्येक वाक्यागणिक त्यांचा चेहरा जास्त मिटत गेला.

"उद्या आजींकडे जायचा दिवस आहे," ते उठत म्हणाले.

"आता कशाला जाता?"

"आता न जाऊन त्यांना काय सांगू?"

"मी येऊ बरोबर?"

"या की. पण कोण म्हणून ओळख करून देऊ तुमची?"

मी चपला घातल्या. फाटकापाशी पोचलो तेवढ्यात तिचा फोन आला.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

त्यांचं बोलणं जसंच्या तसं मी तिला सांगितलं. यात तरी काही गाळलं नाही.

"म्हणजे आधी निदान चूकच माझी होती," ती म्हणाली. "आता खोटेपणा माझा झाला. असंच ना, सर?"

"हो," मी म्हणालो.