टोपीखालचा इलाका

सूर्याच्या कामावर उघडपणे नाराज असलेला एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि ते म्हणजे उदगीरचे माझ्या बायकोचे मामा. मामांचा फोटोचा धंदा. आता फोटो काढणारे गल्लोगल्ली आहेत. पण भर बाराच्या उन्हात, जिथं चप्पल काढली तर पाय भाजतो अशा ठिकाणी, फ्लॅश लावून फोटो काढणारे मामाच. त्यांचा तो मुठीएवढ्या डोक्याचा, मुसळाएवढ्या दांड्याचा फ्लॅश एकदा लग्नात असा लखलखला, की शेजारच्या डाळमिलवाल्यांनी वीज कडाडली समजून अंगणात वाळत घातलेल्या डाळीवर ताडपत्र्या ओढल्या. मी स्वतः पाहिलंय. निदान एक ताडपत्री तरी.

"मामा, एवढं ऊन असताना फ्लॅश कशाला?" हा प्रश्न त्यांना विचारायचा नसतो. लग्न ठरलं तेव्हा बायकोनं मला घरातल्या ज्या मोजक्या गोष्टी बजावल्या, त्यात ही पहिली होती. मी अर्थातच विचारला. मामांचे डोळे असे वटारले गेले की भुवया टोपीत शिरल्या. "जावईबापू, ऊन येतं वरून. माणूस माणसाला बघतो समोरून. मधी टोपी हाय, फेटा हाय, पदर हाय. सूर्याचं काम वरवरचं. टोपीखालचा इलाका माझा!" त्यानंतर त्यांनी अर्धा तास माझ्या नाकाखालच्या सावलीकडे पाहत मला समजावलं. मामा कुणाच्याही चेहऱ्याकडे आधी तसंच बघतात. भाचीसाठी आलेलं एक चांगलं स्थळ त्यांनी "डोळे लई खोल हायत, ह्याला दोन फ्लॅश लागतील" म्हणून परत पाठवलं होतं. त्यामुळे माझा नंबर लागला, तेव्हा माझी फारशी तक्रार नाही.

शिवाय त्यांचा रुमाल. उघडा फ्लॅश मामांना मंजूर नाही. "उघडा फ्लॅश म्हंजी तोंडावर थप्पड. रुमालातला फ्लॅश म्हंजी गालावर हात." म्हणून फ्लॅशच्या डोक्यावर कायम पांढरा रुमाल बांधलेला. मामींनी माहेराहून आणलेले भरतकामाचे डझनभर रुमाल असे एकेक करून पिवळे पडले. मामी म्हणतात, "माझ्या गालावर न्हाई फिरला कधी ह्यांचा हात, साऱ्या तालुक्याच्या गालावर फिरलाय."

या माणसापुढे माझ्या आईनं एक दिवस आपलं गाऱ्हाणं मांडलं. आमचे आप्पा, म्हणजे वडील, देवणीजवळ शेती करतात. फोटोसाठी दुकानात जाणार नाहीत, डोक्यावरचा फेटा उतरवणार नाहीत. त्यामुळे चाळीस वर्षांच्या फोटोंमध्ये आप्पा म्हणजे वर फेटा, खाली मिशा आणि मधे अमावास्या. आई म्हणाली, "पाव्हणं, ह्यांचे डोळे कसे हायत हे माझ्याबिगर कुणाला ठावं न्हाई. नातवंडांना काय दाखवू, मिशा?"

मामा उठून उभेच राहिले. "वहिनी, डोळे आणले न्हाईत तर कॅमेरा विहिरीत."

योगही आला. जनावरांच्या प्रदर्शनात आप्पांच्या अस्सल देवणी जातीच्या बैलाचा पहिला नंबर आला, आणि बैलाशेजारी उभं राहून एक फोटो काढून घ्यायला आप्पा कबूल झाले. एकच. अंगणात, बारा वाजता, फेट्यासकट. बैल बुजू नये म्हणून मामा तीन दिवस आधी येऊन गोठ्यासमोर फ्लॅश उडवत बसले. तिसऱ्या दिवशी बैल कॅमेरा दिसला की त्याच्याकडे मान वळवून ऐटीत उभा राहू लागला. तयारी राहिली ती आप्पांची.

"रेडी आप्पा. एक, दोन, तीन!" लखलखाट झाला आणि आप्पांनी डोळे गच्च मिटले. जन्मभर रानात विजा बघितलेला माणूस. तीन म्हटलं की वीज येणार हे त्याला पहिल्याच फोटोत कळलं होतं. मामांनी दोनवर बटण दाबून पाहिलं. आप्पा दीडवर मिटायला लागले. अकरा फोटो झाले. अकराहीत बैल देखणा आणि आप्पा समाधीत. "झालं का? एकच म्हनलो होतो," म्हणत आप्पांनी कासरा सोडायला घेतला. ओसरीवर आईचा चेहरा उतरला. मामांनी घाम पुसला, फ्लॅशवरचा रुमाल नीट केला आणि अगदी सहज आवाजात म्हणाले, "बैल चांगला हाय आप्पा. पर मागून जरा गावरान वाटतोय."

"काय म्हनलाव?" आप्पा गर्रकन वळले, आणि लख्ख झालं.

काय डोळे ते! फेट्याखालून दोन निखारे. त्यानंतर आप्पा मामांशी दोन महिने बोलले नाहीत. फोटो फ्रेम होऊन आला तेव्हा मला वाटलं, एवढा संतापलेला नवरा भिंतीवर कोण लावील? आईनं पदरानं काच पुसली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हेच. अंतरपाट सरला तवा असंच बघितलं हुतं." आप्पा तिच्या मागून डोकावून म्हणाले, "बैल बरा आलाय."

त्या फोटोत जवळून पाहिलं तर आप्पांच्या बुबुळांत मोहरीएवढे दोन पांढरे ठिपके दिसतात. तो मामांचा फ्लॅश, रुमालासकट. तालुक्यातल्या शेकडो डोळ्यांत मामा असे ठिपक्याएवढे बसलेत. त्यांचा स्वतःचा धड फोटो मात्र एकही नाही. आता हात थरथरतो म्हणून दुकान बंद आहे. परवा उदगीरला गेलो तेव्हा मी हट्टानं त्यांना भर दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसवलं, मोबाइलचा फ्लॅश लावला, मामींकडून उरलेला एक रुमाल मागून घेतला. "तीन" म्हटलं आणि मामांनी डोळे गच्च मिटले. पुन्हा काढला, पुन्हा मिटले. जन्मात कधी या बाजूला बसलेच नव्हते.

त्यांचे डोळे टक्क उघडतील असं एक वाक्य मला चांगलं ठाऊक आहे. लग्नाआधीपासून ठाऊक आहे. ते ओठांवर आलंही. पण खुर्चीत अंग चोरून, टोपी सारखी करून बसलेल्या त्या माणसाला, एवढं ऊन असताना फ्लॅश कशाला, असं विचारायला माझी जीभ काही रेटली नाही. फोटो झाल्याशिवाय मीही सोडणार नाही म्हणा. पुढच्या रविवारी पुन्हा जातोय, बाराच्या उन्हात. रुमाल माझ्याच खिशात आहे.