राणीच्या ओठांवरची हाक

माझ्या गोष्टींत तिखटमीठ जरा जास्त असतं, असं घरचे म्हणतात. या गोष्टीला मी हात लावलेला नाही.

पिंपरी पेंढारला आमच्या घरामागे एक बाबा राहत, मेंढरं राखता राखता म्हातारे झालेले. ते दोन वर्षांचे असताना मूकपट काढणारी एक कंपनी डोंगराखाली उतरली होती. पुराणातली कथा, हत्ती-घोडे, मोठा थाट. राणी होणारा नट तापाने आडवा झाला आणि बाबांच्या वडिलांना, चेहरा नाजूक म्हणून, लुगडं नेसवलं गेलं. पुढे ते कंपनीबरोबरच गेले. सिनेमा आठवड्यात पडला. वडील परतलेच नाहीत. बाबांची आई मरेपर्यंत हे सांगत राहिली. गाव मात्र म्हणे, कसला सिनेमा, बाई घेऊन पळाला.

नव्वदच्या दशकात जुने सिनेमे जमवणाऱ्या पुण्याच्या एका हौशी मित्राकडून मला त्या सिनेमाची कॅसेट मिळाली. उरलेली वीसच मिनिटं. टीव्ही, व्हीसीआर आणला, भर दुपारी बाबांच्या पडवीला घोंगड्या लावून अंधार केला. बाहेर मेंढरं बसलेली.

पडद्यावरच्या पाट्या मी वाचत होतो, अर्थात वेगवेगळे आवाज काढून. नटांच्या यादीत राणी म्हणून त्या तापकऱ्याचंच नाव. हत्ती खरे, किल्ला पुठ्ठ्याचा. मग राणी आली. पांढरंफटक तोंड, काजळाचे खड्डे.

"ह्यो तुमचा बाप?" बघायला आलेला शेजारी म्हणाला. "राव, ही तर माझ्या मेव्हणीवानी दिसती!"

बाबा हसले नाहीत. "वळखू येईना," म्हणाले.

हरवलेल्या राजपुत्राला शोधत राणी रानात शिरली. मी गळा काढला, "पुत्रा, कोठे आहेस?" पाटी गेली. राणीने तोंडाशी हात धरला आणि तिचे ओठ थरथर फडफडले. दोनदा तोकडे, एकदा लांब.

"माघारी घ्या, भाऊ."

घेतलं. पुन्हा तेच.

"चुकल्या कोकराला आमच्या घरची हाक हाय ती. चुलत्यानं शिकवली मला. दुसऱ्या कुणाची अशी न्हाई."

तिसऱ्यांदा ओठ फडफडले तेव्हा बाहेर घुंगरं वाजली. घोंगडीच्या फटीतून पाहिलं. सगळी मेंढरं उठून उभी होती, पडवीकडे तोंड करून. टीव्ही मुका. मी तर तोंड मिटून बसलो होतो. बायको हे अजून मानत नाही.

तेवढ्यात लाइट गेली.

बाबा चाचपडत टीव्हीच्या काळ्या काचेपाशी गेले.

"आलो, आलो," म्हणाले. आवाज कोकरासारखा बारीक होता.