वाल सोलताना उतरलेले आवाज

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

परवा फोनवर धाकटी म्हणाली, "आजी, आमच्या युनियनची मीटिंग स्क्रीनवरच होते. इतके सभासद, पण मी कुणालाच ओळखत नाही." तेव्हापासून आमची युनियन डोक्यात घोळते आहे. तुम्हाला तिचं काहीच ठाऊक नाही. हात चालतो आहे तोवर लिहून ठेवते.

पन्नासच्या दशकात मी रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात बोलत असे. ती नोकरी नव्हती. बोलावणं आलं की जायचं. श्रुतिकांमधले, म्हणजे रेडिओवरच्या नाटकांमधले नट, गाणारे, सगळ्यांचं तसंच होतं. आमची युनियन होती, पण कागदावर. मला इंग्रजी बरं येई, म्हणून रेडिओ केंद्राला पत्रं लिहायला मला चिटणीस केलं. पत्रावर सगळे सही करत, पण मनात धास्ती असे, की आपण सही करायची आणि दुसऱ्याने गुपचूप जाऊन काम मिळवायचं. एकमेकांची ओळख होती ती माइकपुरती.

आमच्या अध्यक्षबाई श्रुतिकांमध्ये राजमाता व्हायच्या. घाटकोपरला त्यांच्या हाकेने शेजारच्या चाळीतली पोरं झोपेतून उठायची. एकदा मला म्हणाल्या, "तुझी पत्रं झकास असतात गं. पण पत्राने माणसं जवळ येत नाहीत. तुझ्या घरी ओटी मोठी आहे ना? वाल भिजत घाल."

वालाचं बिरडं तुम्ही खाल्लं आहे, सोललं मात्र कधी नाही. मोड आलेला एकेक वाल चिमटीत धरून सालातून सोडवायचा. घरभर माणसांचं करायचं तर हातही घरभर लागतात. बाईंना नेमकं तेच हवं होतं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी अंधेरीला आमच्याकडे जमायचं, परातीभोवती बसून वाल सोलायचे आणि एका पंगतीला जेवायचं. नियम एकच: गायचं नाही, संवाद म्हणायचे नाहीत. "एकाने तान घेतली की बाकीचे ऐकणारे होतात," बाई म्हणाल्या. "इथे ऐकणारे नकोत मला."

बोरीवलीहून, मुलुंडहून लोक येऊ लागले. विनोदी कामं करणारा एक मालवणी नट पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाई, ह्या वालांची कोण ऑडिशन घेणा नाय, ता बरा!"

"तुझी घेतली तिथेच वाट लागली. सोल मुकाट्याने!"

त्याच सुमारास गोरेगावच्या एका ज्येष्ठ नटांची घशाची शस्त्रक्रिया झाली. श्रुतिकांमध्ये बाईंचे पती, भाऊ, वैरी, सगळं तेच झालेले. आवाज गेला, कुजबुज तेवढी उरली. आपण आता कलाकार राहिलो नाही, युनियन सोडतो, असं त्यांनी कळवलं. बाईंनी उलट निरोप धाडला, "राजीनामा समक्ष द्यावा. दुसऱ्या रविवारी."

ते आले. परीटघडीचं धोतर, वर कोट, कोटाच्या खिशात राजीनाम्याचं पाकीट. बाईंनी परात त्यांच्याकडे सरकवली. ते बसले. मला कुजबुजत विचारलं, "सालं कुठे टाकू?"

"त्या ताटलीत," मी म्हणाले.

मग मालवणी नटाने त्यांना काही विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, बोलणं पुढे चालू राहिलं. थोड्या वेळाने ते एकदम थांबले. इकडे तिकडे पाहिलं. हातातला वाल परातीत टाकून उठले आणि पाकीट बाहेर काढलं.

"मी अजून मेलेलो नाही," ते म्हणाले. "सगळे कुजबुजताय कशाला? चेष्टा करताय की सुतक पाळताय?"

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की अख्खी ओटी दबक्या आवाजात बोलत होती. बाईसुद्धा. तेवढ्यात बाई खो खो हसत सुटल्या.

"अहो, बसा! समोरच्याच्या आवाजाला आवाज लावा, त्याच्या वर चढू नका, हे यांच्या डोक्यात कुणी भरवलं? तुम्हीच ना? मेल्यांनी वाल सोलतानाही तेच केलं. आणि मीही!"

खरंच होतं ते. माइकसमोर दोन आवाज एका पट्टीत राहिले नाहीत तर प्रसंग फुटतो, हे आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवलं होतं.

मालवणी नट हळूच म्हणाला, "म्हणजे काका, सीन अजून तुमच्याच हातात आसा."

त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडताहेत. ते हसत होते, आवाज न करता. मग बसले, पाकिटाचं तोंड उघडून त्यात सालं भरू लागले आणि म्हणाले, "आता मोठ्याने बोला. हे वाल बहिरे आहेत."

निघताना सालांनी भरलेलं पाकीट त्यांनी स्वतःच कचऱ्यात टाकलं. पुढे ते दर महिन्याला येत. नवा सभासद आला की बाई त्याला त्यांच्याशेजारी बसवत. तो घाईघाईने बोलू लागला की ते परातीच्या काठावर बोटाने ठेका देत आणि त्याला सावकाश करत. मुलुंडच्या एका गायिकेला बोलावणी येईनाशी झाली, तेव्हा सह्यांसाठी मला वणवण करावी लागली नाही. मी पोहोचले तर सगळे केंद्राच्या दारात उभे होते, आणि सर्वांत पुढे, न बोलता, तेच.

बाई गेल्या, ते गेले, युनियनही राहिली नाही. परात माझ्याकडे आहे, आणि दुसऱ्या रविवारी त्या सभासदांतल्या काहींची मुलं-सुना अजून माझ्याकडे वाल सोलायला येतात.