मिठाच्या गाडीचा नवा पत्रा

नोकरीतली बरीच प्रकरणं आता विसरलो. बाळकुमच्या मिठाच्या गाडीचं मात्र विसरता आलं नाही. पन्नास सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा ठाण्यात फौजदार होतो.

मिठागरातून कल्याणच्या बाजाराला मीठ नेणाऱ्या एका छोट्या मालमोटारीतून एक मजूर बाई पडून इस्पितळात गेल्याची खबर आली. गाडी चालवणारा तिचा सख्खा दीर. चालत्या गाडीतून उतरायला गेली आणि दगडावर आपटली, असा जबाब त्याने दिला. तिचा नवराही गाडीच्या मालकाकडेच कामाला. त्याची तक्रार नव्हती. आम्ही अपघाताची नोंद केली.

दुसऱ्या दिवशी इस्पितळातल्या नर्सबाईंनी निरोप धाडला. जखम मांडीभोवती गोल फिरलेली आहे, दगडावर पडून अशी होत नाही. बाई तापात होती, बोलत नव्हती.

जमादाराला घेऊन मी मालकाच्या अंगणात गेलो. गाडी मिठाने खाल्लेली, दरवाज्यांना गंजाचे पोपडे. मागे माल भरायच्या हौद्याचा पत्र्याचा तळ तेवढा नवाकोरा. वर डांबर फासलेलं, तेही ओलं. दुरुस्ती आधीच ठरली होती, असं मालकाने सांगितलं.

दिराला चौकीत बोलावलं. तो तेच तेच सांगत राहिला. मालकाच्या धाकाने तोंड उघडत नाही, हे दिसत होतं. आरडाओरडा केला की अशी माणसं आणखी मिटतात. मी कागद बाजूला सारला.

"गुन्ह्याचं नंतर बघू. डॉक्टरांनी जखम शिवली आहे. आत गंजलेलं लोखंड राहिलं असेल, तर धनुर्वाताने तुझी वहिनी जाईल. दगड होता की पत्रा, एवढंच सांग."

तो म्हणाला, "पत्रा, साहेब. ती गोणीवरून उठली नि पाय आरपार गेला. मालकाला मी दोनदा सांगितलेलं, तळ कुजलाय म्हणून."

जबाब लिहिण्याआधी मी शिपायाला सायकलवर इस्पितळात पिटाळलं. डॉक्टरांनी टाके उसवले. आत गंजाचे कपचे निघाले. मग पंचांसमक्ष आम्ही नवा पत्रा उचकटला. खालच्या जुन्या पत्र्याला मोठं भोक होतं, कडा खाली वळलेल्या.

मालकाला शिक्षा झाली. दिराची नोकरी गेली. बाई वाचली, पण पाय कायमचा अधू राहिला. मी तिचा जबाब घ्यायला गेलो, तेव्हा दीर तिला पेज भरवत होता. "याच्यावर काही घालू नका, साहेब," एवढंच ती आधी म्हणाली.

खोटं बोलणारा माणूस बहुधा काहीतरी सांभाळत असतो. कधी पोट, कधी घर. पुढे कुणाचीही चौकशी करताना मी आधी शोधायचो, याने खरं सांगितलं तर याचं कोण वाचेल. तसं कुणी सापडलं, की आवाज चढवायची गरज क्वचितच पडली.